कानाचं चित्र

खानापूरच्या दवाखान्यात आमचा नंबर तिसरा.
बाईंनी विचारलं, "हेसरेनु?"
भावकू खिडकीतल्या सरड्याकडं बघत राहिला.

मी घाईनं म्हटलं, घरी मराठी बोलतो आम्ही,
त्याला कानडी कळत नाही.
तीन वर्षं हेच सांगत आले,
अंगणवाडीत, पोलिओच्या बाईंना,
नंदगडच्या बसमधल्या कंडक्टरला.

बाई उठून त्याच्या पाठीमागं गेल्या,
जेवणाचा डबा चमच्यानं वाजवला.
सरडा पळाला.
भावकू सरड्याची जागा बघत राहिला.

मग मोडक्या मराठीत, अगदी माझ्या सुरात,
"भावकू, ए बाळा."

मी पदराचं टोक दातात धरलं.

फॉर्म सगळा कानडीत.
त्यातलं कानाचं चित्र तेवढं
मला वाचता आलं.
खाली मराठीत सही केली.