आहे, नाही

पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो.
लाटेने होडी उचलली, आपटली,
पेटीत काही वाजलं नाही. रिकामीच होती.
पोलीस लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांशी झगडत म्हणाला,
बेटावर मतं किती?
एकोणीस, मी म्हटलं.
जानेवारीत म्हातारा ओनी गेला.
मग अठरा.

शाळेचा एकच वर्ग. चार वर्षं मूल नाही.
फळ्यावर कुणाचा तरी सातचा पाढा,
बेचाळीसवर थांबलेला.
नकाशाच्या स्टँडवर चादर टाकून आडोसा केला.

प्रश्न एवढाच:
राज्यघटनेतलं ते वाक्य काढून
हे घालायचं का?
खाली दोन चौकोन.
आयरिशमध्ये 'हो' असा शब्द नाही.
तिथे छापतात: आहे. नाही.
जणू कुणी विचारलंय,
बाहेर समुद्र आहे का?

अकराला नाब्ला आली, काठी टेकत.
ती आणि घटना एकाच सालच्या.
"तिला दुरुस्त्या मिळाल्या," म्हणाली, "मला गोळ्या."
जुनं वाक्य तिला पाठ होतं,
घरातल्या बाईच्या जगण्याने
राज्याला मोठा आधार मिळतो, असं काहीसं.
लग्न झालं त्याच आठवड्यात
पोस्टमास्तरांनी तिच्या हातातला शिक्का काढून घेतला.
नियमच होता तसा.
मग खेकड्यांचे पिंजरे ओढले, सासूला भरवलं,
दोन मुलगे बोस्टनच्या वाटेला लावले.
"आधार म्हणे. लिहिणाऱ्यांतल्या एकाने तरी
विहिरीवरून बादली आणली होती?
काढून टाका ते."

मग नवं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
सांभाळ करणाऱ्यांसाठी राज्य
प्रयत्नशील राहील.
"प्रयत्नशील तर प्लंबर मीहॉलपण आहे.
ऑक्टोबरपासून."
पोलीस हसला.
मी अधिकारी. मी टेबलावरची यादी सरळ केली.

आडोशामागे ती फार वेळ होती.
दोरीची पेन्सिल पडल्याचा आवाज आला,
उचलल्याचा आला नाही.
खिडकीतून कुंपणाची भिंत दिसत होती,
चुन्याशिवाय रचलेली,
वारा जावा म्हणून मुद्दाम फटी ठेवलेली.
दर हिवाळ्यात तिचा एखादा दगड घसरतो,
वसंतात कुणीतरी परत बसवतं,
भिंत जुनी की नवी, कुणी विचारत नाही.
यंदा तीन पडलेत.
ओनी बसवायचा.

घडी करून कागद तिने पेटीत सारला.
"आणि चुकलं असेल तर?"
विचारतील पुन्हा कधीतरी, मी म्हटलं.
"कधीतरी नको. तू येशील का पेटी घेऊन?"
येईन. हवामान बघून.
"हेही घाला मग घटनेत," ती म्हणाली,
"हवामान बघून."
आणि काठी विसरून निघाली,
दारातून परत आली.

परतताना भरती होती.
प्रत्येक लाटेला पेटीत कागद सरकत,
आहेवर नाही, नाहीवर आहे,
कोण कुणाच्या खाली, कळायला मार्ग नव्हता.
पोलीस झोपला होता.
मी दोन्ही हातांनी झाकण धरून ठेवलं,
खरं तर सील केलेलं होतं.