रंगमंचाखालून

मी वाल्बुर्गा क्नीप, कासेलच्या थिएटरात प्रॉम्प्टर.
रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक, त्यावर पत्र्याची टोपी,
त्यात एकवीस वर्षं उभी.
माणसं मला बुटांवरून कळतात.
राजाचे बूट भाड्याचे. नायिकेच्या टाचेखाली पुठ्ठा.
नाटककाराचा उजवा बूट बाहेरच्या अंगाने झिजलेला,
रंगीत तालमीला तो माझ्या नाकासमोर येऊन थांबायचा.

हेर टेट्झलाफ म्हणायचे त्याला.
आमच्यात हेर म्हणजे श्रीयुत.
तुमच्यात जो अर्थ होतो
तो पुढे मिसरूड न फुटलेल्या विद्यार्थ्यांनी लावला:
हा पीटर्सबर्गला पत्रं धाडतो,
कुठला प्राध्यापक काय शिकवतो,
कुणाच्या टोपीला कसली फीत.
असेलही खरं.
त्याच्या बोटांवरची शाई कधी वाळत नव्हती, एवढं मी सांगेन.

दोनशे अकरा नाटकं.
मोजलीत मी, कारण कुजबुजलीत.
तिसऱ्या अंकात हुंदका ठरलेला;
खाटकाची बायको घरून दोन रुमाल आणायची,
एक शेजारणीसाठी.
शहाणी माणसं मागच्या रांगेत बसून नाकं मुरडायची,
पण तिकीट काढून.

माझ्या बहिणीचा गिझबर्ट शहाण्यांतला.
ऑक्टोबरात टेकडीवर पुस्तकांची होळी झाली,
आणि ह्याने माझ्या पलंगाखालून
'गिरणीवाल्याचं घर'ची प्रत नेली.
एकुलती एक. माझी.
समासात माझी पेन्सिल:
इथे मादाम होल्ट्सआप्फेल खोकते, थांब.
इथे मेणबत्ती बदला.
इथे हसतील, घाई नको.
परतला तेव्हा बाह्यांना काजळी, मान ताठ.
मी सूप वाढलं.
वाटाण्याचं होतं. त्याने दोनदा मागितलं.

मग टेट्झलाफ आला. थेट खाली,
माझ्या भोकाशी, जमिनीवर मांडी घालून.
तेव्हा पहिल्यांदा चेहरा पाहिला,
गालावर लहान मुलासारखी खळी.
म्हणाला, मला त्यातलं काही आठवत नाही हो,
पुढे ती काय म्हणते?
तीन रात्री मी सांगत गेले, तो उतरवत गेला,
स्वतःच्याच विनोदांना दचकून हसत.
बारा वर्षांनी मुलगा परत येतो त्या जागी
मी अडखळले.
तिथे आईचं एक लांबलचक भाषण होतं, देव, दैव, पाखरं.
मला जांभई आली होती. मी म्हटलं, ती म्हणते:
"दार लोटलेलंच होतं रे, कडी कधी लावलीच नव्हती."
त्याने मान वर केली.
"हे मी लिहिलं?"
तुम्हीच की, म्हटलं.

सदतीस प्रयोग. त्या वाक्याला
माझ्या डोक्यावरची फळी टाळ्यांनी थरथरायची,
धूळ डोळ्यांत जायची.
लोकांना वाटलं असतं, प्रॉम्प्टरही रडते.

मार्चमध्ये पुलावर त्याचे घोडे उधळले.
कुणी म्हणे दगड मारला, कुणी म्हणे बर्फ होतं.
गर्दीत काही जणांनी टोप्या काढल्या,
काहींनी मुद्दाम घातल्या.
मी बूट पाहिले. कुणीतरी दोन्ही पुसून ठेवले होते.
त्याच रात्रीपासून गिझबर्ट नाही.
शिपाई दोनदा येऊन पलंगाखाली डोकावून गेले,
तिथे आता काय असणार.

पेपरात मृत्युलेख आला, मागच्या रांगेतल्याने लिहिलेला.
टेट्झलाफने या देशाला स्वस्तात रडायला शिकवलं, म्हणे,
आणि पुरावा म्हणून एकच वाक्य छापलं होतं.
दाराचं.
मी ते मोठ्याने वाचलं.
उभ्या आयुष्यात कुठलंही वाक्य मोठ्याने म्हटलं नव्हतं,
आवाज चिरका निघाला.
खरंच जरा स्वस्त वाटलं.

कागद चांगला जाड होता. त्यात मेणबत्त्यांचे तुकडे गुंडाळले.
शहरात सैनिक आहेत, चोर आहेत,
मी रोज रात्री कडी लावते.
मग बराच वेळ उशाशी कान देऊन पडते,
जिन्यावर बुटांचा आवाज आलाच
तर कुणाचे ते कळावं म्हणून.