दोघांत राजा पुरतो

कोपरखैरणे, सेक्टर सात. सिडकोची बैठी खोली,
वरचे दोन मजले भोपीने नंतर चढवले.
रबाळ्याची कंपनी बंद पडली त्या वर्षापासून
शनिवारी तिथे आम्ही सहा जण.
पैसे नाहीत. स्टोअरमधून उचललेले वॉशर:
रबरी म्हणजे एक, नायलॉनचा पाच, पितळी पंचवीस.
पितळी मोजकेच. बहुतेक माझ्यापुढे असायचे,

कारण मी पानं टाकणारा माणूस.
सहा जणांत बारा पानं वाटली जातात,
कुणाच्या तरी मुठीत एक्का निघतोच बहुधा,
तिथे आपल्या राजा-सत्तीला कोण विचारतं?
उपडी ठेवायची. शेंगदाणे सोलायचे.
वझे आणि नंबियारची जुंपू द्यायची,
आणि तासाभराने दोन राण्या आल्या की
घसा खाकरून म्हणायचं, रेझ.
"चौलकर उठला रे!" म्हणत सगळे पानं फेकायचे.

मग सुर्वे उलव्याला गेला, त्याला दोन रिक्षा पडतात.
वझे मुलाकडे. नंबियार पालघाटला, कायमचा.
डिमेलो गेला. म्हणजे गेलाच.

उरलो दोघं. खुर्च्या सहाच,
चार महिने कुणी हलवल्या नाहीत.

दोघांत डीलरचं बटण फिरत नाही,
नुसतं येतं नि जातं.
बटण ज्याचं, छोटं ब्लाइंड त्याचं. मोठं समोरच्याचं.
म्हणजे दर डावाला भाडं.
सहा जणांत चार डाव तरी फुकट बसता यायचं.
मी तरीही बसलो. माझ्या राण्यांची वाट बघत.
भोपी उजव्या हाताची साडेतीन बोटं
(बाकीची प्रेसने घेतली)
ढिगावर ठेवायचा आणि ढीग पुढे सारायचा.
मी टाकली.
मी टाकली.
मी टाकली.
राण्या आल्या त्या डावाला त्याने टाकली.
मिळाले तीन रबरी.

"आरं चौलकर, वाट कुनाची बगतंस?
आता कोन येनार नाय."

घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं:
दोघांत राजा पुरतो.
एक्का म्हणजे तर सोयरीक जमल्यासारखं.
दुर्रीची जोडी, तीही जोडीच.
बटण आपलं असेल तर हलकी पानंही सोडू नयेत,
फ्लॉपनंतर मागून बोलायला मिळतं.
आणि फ्लॉप बहुतेक वेळा दोघांनाही काही देत नाही;
आधी जो बोलेल, घर त्याचं.

कॅलेंडरवर नव्हता तो भोपी.
वीस वर्षं एका टेबलावर बसून मी पानं बघितली.
आता कळतंय, हात भरलेला असला की तो पंख्याकडे बघतो,
आणि रिकामा असला की
आत ओरडतो, "चाय ठेव गो!"

गेल्या शनिवारी माझ्याकडे राजा-सत्ती.
खाली नव्वी, तिर्री, छक्की, मग चौकी.
त्याने होते नव्हते तेवढे ढकलले, पितळीसकट,
आणि मान वळवून: "चाय ठेव गो!"

कॉल, म्हणालो.
घसा खाकरायचं राहूनच गेलं.

त्याच्याकडे राणी-दश्शी. काही नाही.
माझा राजा पुढे होता.
पाचवं पान आलं: दश्शी.

भोपी पानांकडे बघतच नव्हता.
"राजा-सत्ती?" म्हणाला. "तू?"
मी हसत होतो बहुधा. सगळं गेलं होतं
आणि मी बरोबर होतो;
याचे गुण पत्त्यांत मिळत नाहीत.

चहा आला. तो पिऊन होईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग आम्ही चार खुर्च्या उचलून जिन्याखाली नेल्या,
नंबियारची डुगडुगणारी सगळ्यात वर.
टेबल भिंतीला लावलं. पाय पसरायला जागा झाली.
भोपीने मला तीस उसने मोजून दिले, एक पितळी त्यात,
आणि पत्ते पिसले.

बटण माझ्याकडे.
दुसरं पान हातात पडायच्या आधीच मी म्हणालो,
रेझ.