कारण, पाचशे अक्षरांत

मुखेडच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
सातबारा, पॅन, परीक्षेचे अर्ज, झेरॉक्स दोन रुपये.
शेवटच्या तारखेला रात्री साडेनवाला
सुकेशनी सोनकांबळे आली, बाऱ्हाळीकडची.
सोबत आई, आईच्या हातात कॅरीबॅग,
कॅरीबॅगेत जातवैधता, उत्पन्न, रहिवासी.
दाखल्यावर एक सुकेशनी, आधारवर दुसरीच सुकेशिनी.

शाखा कोणती, म्हटलं.
एरोस्पेस.
मी यादी खाली खाली ओढत गेलो.
"वर आहे," ती म्हणाली, "सगळ्यात वर."
दहा वर्षं झाली अर्ज भरायलोय,
ही ओळ कधी दाबली नव्हती.
कॉम्प्युटर टाक की, नोकरी लागते,
हे मी सगळ्यांनाच सांगतो. तिलाही सांगितलं.
तिनं आईकडं बघितलं.
आई म्हणाली, "मला काय बघतीस, त्यांना सांग."

फोटो पन्नास केबीत बसला,
सही काही बसेना.
लांब सही, आडनावाखाली रेघ मारलेली.
रेघ कापली. मग बसली.

मग तो रकाना आला:
हीच शाखा का? पाचशे अक्षरांत.
माझ्याकडं तयार उत्तर असतं,
लहानपणापासूनची आवड, देशसेवा, आईवडिलांचं स्वप्न.
सगळ्यांना तेच चिकटवतो, अजून कुणाची तक्रार नाही.
तिनं वहीचं पान काढलं.

*सातवीत होते, तेव्हा आमच्या शिवारात आभाळातून पेटी पडली.*
*वर नारंगी कापडाची छत्री, बोरीत अडकलेली.*
*लोक म्हणाले, बॉम्ब.*
*पोलीसपाटलानं सगळ्यांना लांब केलं.*
*लांबूनच मी चिठ्ठी वाचली, मोठ्यानं: यात धोका नाही.*
*दुसऱ्या दिवशी हैदराबादहून जीप आली.*
*त्यातल्या बाईनं पेटी माझ्या हातात दिली.*
*हलकी होती.*
*तीस किलोमीटर वर जाऊन आली, म्हणाल्या.*
*तीस किलोमीटर म्हणजे नांदेडची अर्धी वाटसुद्धा नाही.*
*आभाळ एवढं जवळ होतं आणि आम्हाला कुणी बोललं नाही.*

टाइप केलं. चिकटवलं.
रकान्यात नुसते चौकोन उमटले,
ओळीच्या ओळी रिकामे चौकोन.
ती हसली. "सगळ्या पेट्याच पडल्या की."

इंग्रजी करायला बसलो
आणि 'हलकी'पाशी अडलो.
शब्द येत होता. त्या दोघींसमोर तोंडातून निघेना.
आमच्या गावात हा शब्द कुणाकुणाला लावतात
ते मला माहीत, त्यांनाही माहीत.
"वजनाला कमी, असं लिहू का?"
"नाही भाऊ, हलकीच लिहा.
हलकं असतंय तेच वर जातंय."
आई कॅरीबॅगेची गाठ सोडत होती,
पुन्हा मारत होती.

अकरा एक्कावन्नला ओटीपी गेला बापाच्या फोनवर.
बाप बोअरच्या गाडीवर, औरादकडं कुठंतरी,
सहाशे फुटांवर पाणी लागायचं होतं अजून.
मशिनीच्या आवाजावरून ओरडून
त्यानं सहा आकडे सांगितले, दोनदा.
गेला अर्ज.

तीस रुपये घेतले.
घेऊ नयेत असं वाटलं, ते नंतर.
पावतीची शाई फिकी आली,
नंबर तेवढा वाचता येत होता.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक, सातबारा दुरुस्ती.
'अर्जाचे कारण' या रकान्यात सवयीनं चिकटवलं.
हा अर्ज सरकारी, याला मराठी कळतं.
भरभर उमटत गेलं सगळं,
पेटी, छत्री, बोर, नांदेडची वाट.
चुकून आलं, म्हटलं,
आणि शेवटाकडून खोडायला लागलो,
एकेक काना, एकेक वेलांटी.

म्हातारा चष्मा पुसत काचेवर वाकला होता.
"थांब रे जरा," म्हणाला,
"काय होतं मग पेटीत?"

ते मी विचारलंच नव्हतं.