टाकी चांगली आहे, खरं

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
दहा बाय बाराचा गाळा.
दारात कुणीतरी टाकलेली जळकी काळी वाळू,
ती आम्हीच पसरून घेतली, चिखलावर बरी.

पेंटरनं विचारलं, काय लिहू?
वर कन्नड मोठं,
खाली मराठी, मावेल तेवढं.
'टँक' दोन्हीकडं टँकच.
'तपासणी' लिहिता लिहिता त्याचा रंग संपला,
'णी'ची वेलांटी अजून अर्धी आहे.

सात वर्षांची पिग्मी मोडली,
रोजचे पन्नास.
शिरोलीहून जाडी मोजायचं जुनं मशीन आणलं, मुठीएवढं.
पत्र्याला थंड जेली लावायची, टोक टेकवायचं.
आवाज आत जातो,
पलीकडच्या अंगाला शिवून माघारी येतो,
किती वेळात आला त्यावरून कळतं
पत्रा किती उरलाय.

आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, ह्यात नवं ते काय?
खानापूरच्या बाजारात ती मडकं
बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची,
एक, दुसरं, अकरावं.
कुंभार वैतागायचा.
चिरलेलं मडकं आमच्या घरात कधी आलं नाही.

पाचशे कार्डं छापली.
तीन महिन्यांत एकच फोन:
गच्चीवरची टाकी धुता का?
धुतली.
बसलिंग म्हणाला, धुताना बघून तर होतंय की.

मग संकेश्वरच्या पुढं, मळीची टाकी.
गाळप सुरू व्हायला अठरा दिवस.
आधी वायूचा मीटर दोरीनं आत सोडला, मग मी.
आत वास, गूळ रुसून बसल्यासारखा.
आत माणूस असला की बाहेर माणूस लागतो,
हा नियम पुस्तकात आहे,
बसलिंगच्या तळव्यावर आहे.
एक झटका: बरा आहे.
दोन: ओढ.
दर दोन मिनिटांनी तो विचारायचा दोरीनं,
आणि झटके मोजायचा, ओंदु, एरडु,
मी आत मराठीत मिलिमीटर मोजत होतो.

मूळ पत्रा आठचा.
सात पूर्णांक सहा. सात चार. सात पाच.
तळाच्या सांध्याजवळ
दोन नऊ.
पुसलं. पुन्हा जेली. पुन्हा टोक.
दोन नऊ.
हातोडी घेतली. सगळीकडं टाकी घंटेसारखी बोलत होती,
तिथं फक्त थप्प.
खडूनं गोल काढला
आणि थोडा वेळ त्या गोलाकडं बघत उभा राहिलो.
दोरीला झटका आला तरी उत्तर द्यायचं विसरलो,
वरनं बसलिंगनं मला शिवी दिली, शुद्ध मराठीत.

मॅनेजर हंदिगोळ साहेबांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली.
साडेपाच लिहा की ओ.
पुढच्या वर्षी बघून सोडू.
आणखी सोळा टाक्या आहेत आमच्या ग्रुपच्या.

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याचा पाहुणा गोंधळतो,
येतो म्हणाला होतास ना? येणार होतो, खरं जमलं नाही.
ह्यात खरं काय, असं तो विचारतो.

सोळा टाक्या.
गाळ्याचं भाडं दोन महिने थकलेलं.
खिडकीतनं टाकीची सावली दिसत होती,
सावलीत वजनकाट्यावरची माणसं डबा सोडत होती,
कुणीतरी कांदा फोडला, बुक्कीनं.

म्हणालो, टाकी चांगली आहे, खरं

आणि पुढचं वाक्य आलंच नाही.
कागदावर लिहिलं. पान तीन, ओळ चौथी. दोन नऊ.
खाली सही, रबरी शिक्का,
नवा असल्यानं शाई जरा जास्तच उठली.

बिस्किटं तशीच राहिली.

येताना हायवेवर स्कूटरच्या मागं बसलिंग,
मांडीवर दोरीचं वेटोळं.
हत्तरगीच्या टोलापर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, बिल?
देतील, म्हटलं.
खरं? म्हणाला तो.

कुठल्या अर्थानं म्हणाला,
वारा होता, विचारलं नाही.