राख पुसताना

बागडेकाका कोराडीला एकतीस वर्षं
टर्बाइनच्या मजल्यावर होते.
अजूनही बोलतात मोठ्यानंच,
समोर मशीन असल्यासारखे.

"काही नाही गा त्यात,
सावनेरचा कोळसा, पेंचचं पाणी.
चहाचंच आधण, फक्त मोठं.
वाफ ढकलते, पातं फिरते,
तारेत करंट.
तिकडे तोतलाडोहला आग लागत नाही,
पाणीच पडते वरून, चाक तसंच फिरते.
फिरणं पाहिजे."

औंदा सुनेनं स्लॅबवर बसवली
सहा पॅनलं, निळी, सपाट.
काका भर दुपारी कान लावून बसले.
"आवाज नाही. हलत नाही काही.
मग येते कुठून?"

"उन्हातून, मामाजी."

नागपूरचं मे महिन्याचं ऊन.
जन्मभर शिव्याच दिल्या होत्या त्याला.
काका गप्प झाले, टोपी काढली,
परत घातली.

आता पहिल्या पाळीच्या वेळेला
आपसूक जाग येते.
बादली, जुन्या खाकी शर्टाची बाही.
पॅनलवर रात्रीतून बसलेली राख,
बारीक, करडी.
बोटावर घेऊन बघतात,
मग दूरच्या चिमणीकडे.

"आपलीच आहे," म्हणतात
आणि फडकं पिळतात.