चिंचेचा विचार करा

तोंड कोरडं पडलं की मी सांगते,
चिंचेचा विचार करा.
गाभुळलेली, बोटाला चिकटणारी, मीठ लावून.
नळीवर दोन मिलीची रेघ आहे,
फेस धरायचा नाही.
अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही,
हे ऐकून निम्मे लोक उठून जातात
आणि अर्ध्या तासाने परत येतात, चहा पिऊनच.

गोखलेनगरच्या समाजमंदिरात टेबल मांडलंय.
भिंतीवर गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचा बॅनर.
मूळ ठिकाण? विचारलं
तर एक म्हातारी म्हणाली, पूर.
पानशेत फुटलं तेव्हा आलो, त्याआधीचं वाहून गेलं, लिही.

देशातल्या माणसांचा नकाशा काढायचा आहे,
म्हणजे कोण कुठून आलं, कधी, कुणात मिसळलं
आणि मिसळायचं कधी थांबलं.
हे शेवटचं माहितीपत्रकात नाही.
ते मॅडम बोलल्या होत्या, डबा उघडताना.

फॉर्मवर आजोबांच्या चौकटी भराभर भरतात.
आजीपाशी पेन थांबतं.
रत्नप्रभा कुंजीर म्हणाल्या,
आईच्या आईचं नाव सरस्वती, पण ते सासरचं,
तांदळात अंगठीने लिहिलेलं.
त्याआधीचं तिने सांगितलं नाही
आणि आम्ही विचारलं नाही.
मी लिहिलं, माहीत नाही.
आईकडून लेकीकडे येणारा धागा तर
याच चौकटीतून येतो, न तुटता,
नाव बदलल्याचा त्याला पत्ताही नसतो.

घाऱ्या डोळ्यांच्या एका गृहस्थांनी
खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं,
समुद्रापलीकडचं काही निघेल का हो?
त्यांच्या मागचा पोरगा म्हणाला, आम्ही इथलेच निघू ना?
एकट्याचा निकाल देत नाही, मी म्हटलं,
फक्त गर्दीचा देतो.
दोघेही नाराज झाले, सारखेच.

शेवटी आले दौलत गायसमुद्रे,
दारूगोळा कारखान्यातून रिटायर, शर्टाला कडक इस्त्री.
नळी उजेडात धरली,
झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.
"थुंकायचं ना यात?"
हो.
"आणि तुम्ही ते जपून ठेवणार?"
हो. उणे ऐंशीला.
"किती वर्षं?"
पन्नास.
ते हसले नाहीत, पण मिशी हलली.
"याच शहरात आमच्या खापरपणज्याच्या गळ्यात
गाडगं बांधलं होतं यासाठी.
रस्त्यावर पडू नये म्हणून.
आणि आता बर्फात ठेवता."

मी बोलायला गेले, काही आलं नाही.
संमतीपत्राच्या सात कलमांत
याला कलम नव्हतं.
"पोरी, तोंड सुकलं तुझं," ते म्हणाले.
"चिंचेचा विचार कर."
मग नळी भरली त्यांनी, सावकाश,
रेघेच्या वर.

आता नळ्यांवर नावं नाहीत, बारकोड आहेत.
एका डब्यात एक्क्याऐंशी भोकं.
कोण कुणाशेजारी बसलंय ते फक्त माझ्या वहीत,
आणि वही कुलपात.
संगणकावर त्यांचे ठिपके होतात,
कुरमुऱ्यांचं पोतं फाटावं तसे.
जवळून वेगवेगळे, लांबून एकच ढीग.
किती लांबून पाहायचं, ते मॅडम ठरवतात.

गुरुवारी पाषाणची वीज जाते.
फ्रीझर बीप बीप करतो,
जनरेटर लागेपर्यंत चाळीस सेकंद.
तेवढा वेळ मी त्याच्या दाराला पाठ लावून उभी असते,
आतून कुणी उठून जाईल अशी.

माझीही नळी आहे आत, ट्रेनिंगच्या दिवशीची.
आजीच्या चौकटीत मीही
माहीत नाही लिहिलंय.
परवा आईला फोन करून विचारलं.
थांब हं, आठवते, ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ
नुसता तिच्या घरच्या पंख्याचा आवाज येत राहिला.